ओलं सोपट

भटूला मी एकदा अर्धा तास ब्रेकवर पाय ठेवून बसवलं होतं. तेव्हा तो माझ्या गॅरेजात कामाला होता आणि माझा मेहुणा व्हायला अजून दोन वर्षं अवकाश होता. एका फियाटच्या ब्रेकमधली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एक आत बसून पायडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी बसून नट सैल करतो आणि हवा बाहेर सोडतो. पायडल मधेच सुटलं की हवा परत आत शिरते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मी त्याला दरडावलं होतं, "मी सोड म्हनत नही तोवर पाय काढाना नही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. भांडण मिटलं, मग त्याच माणसानं चहा पाजला, चहावर गप्पा झाल्या. परत येऊन बघतो तर भटू तसाच बसलेला. मांडी थरथरत होती, शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"काढी लेवाना व्हता ना पाय!" मी ओरडलो.

"तुम्ही सोड म्हनं नही, भाऊ," तो म्हणाला.

ही गोष्ट आमच्या घरात पुढं फार चालली. त्याच्या लग्नात तर पंगतीत सांगितली गेली. सगळ्यात जास्त हसली ती माझी बहीण मंदा, म्हणजे नवरीच. असा सांगितलेलं ऐकणारा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, असं माझी आई म्हणाली होती.

मी चुडामण मिस्त्री. जळगावात नेरी नाक्याच्या पुढं माझं गॅरेज होतं. माझं तोंड फटकळ आहे हे मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला दुसरीकडून कळायला नको. गाडी आणणाऱ्याला कारणं समजावून सांगत बसायची मला सवय नव्हती. डॉक्टर सांगतो का गोळीत काय आहे ते? गाडी ठेवा, संध्याकाळी या, एवढंच माझं बोलणं. कुणी जास्त विचारलं की माझं डोकं फिरायचं. माझा हात चांगला होता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे, आणि ते ऐकून घ्यायचे म्हणून माझी जीभ आणखी सुटली.

लग्नानंतर भटू सावद्याला गेला, लीलाधर आबांकडं ड्रायव्हर म्हणून. आबा केळीचे मोठे बागायतदार, माणूस दिलदार. भटू आता जावई झाला म्हणून मी त्याला अहो-जाहो करायचं, असं आईनं बजावलं होतं. मी करायचो, पण गाडीचं बॉनेट उघडलं की जीभ जुन्या सवयीवर जायची. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बॉनेट उघडलं की तोही जावई राहायचा नाही, हात मागं बांधून उभा राहायचा.

चौऱ्याण्णव साली आबांनी मुंबईहून एक जपानी गाडी आणली. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीनं वापरून लिलावात काढलेली, आठ-नऊ वर्षांची जुनी, पण पांढरी शुभ्र. बटण दाबलं की काच आपोआप खाली. सावद्यात ती काच बघायला माणसं यायची. आबा त्या गाडीनं जळगावला यायचे, भुसावळला जायचे आणि शेतातही त्याच गाडीनं जायचे. हे शेवटचं काही मला पटत नव्हतं.

कारण आबांच्या घराच्या आणि मळ्याच्या मधून रेल्वे जाते. तिथं फाटक नाही, फाटकवाला नाही, फक्त एक पाटी. दोन्ही बाजूला केळीच्या बागा इतक्या दाट की गाडी अगदी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही, आणि रूळ तिथं वळण घेतात. भटू रोज चार वेळा ती लाइन ओलांडायचा. प्रत्येक वेळी तो गाडी थांबवायचा, उतरून रुळावर जाऊन दोन्हीकडं बघायचा, कान देऊन उभा राहायचा आणि मगच गाडी पुढं काढायचा. आबा त्याला हसायचे, पण घाई कर म्हणून कधी बोलले नाहीत.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये ती गाडी बंद पडायला लागली. आचका नाही, खोकला नाही, चालता चालता इंजिन गप्प. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. पहिल्यांदा भुसावळच्या रस्त्यावर बंद पडली, दुसऱ्यांदा फैजपूरच्या बाजारात. तिसऱ्यांदा ती रुळांवर बंद पडली. आबा आत होते. मळ्यातले चार मजूर धावत आले आणि त्यांनी ढकलून गाडी पलीकडं नेली. दोन मिनिटांनी मालगाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मंदा एसटीनं जळगावला आली, एकटी. घरी न जाता सरळ गॅरेजात. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊ, ती गाडी मना कुकूवर उठेल शे," ती म्हणाली. "तू तिले नीट कर, नहीते आबाले सांगी दे, इकी टाका म्हनावं."

"नीट करस ना! मी काय मरी गऊ का?" मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं की मला राग येतो, तसा तेव्हाही आला.

गाडी गॅरेजात आली. मी कॉइल बदलली, प्लग बदलले, पेट्रोलची जाळी साफ केली. गाडी दुपारी बारापर्यंत चालायची आणि ऊन चढलं की बंद. एवढं कळलं की काहीतरी तापतंय, पण काय ते कळेना. मग मी ओला फडका घेतला आणि एकेका भागावर ठेवत गेलो. कॉइलवर ठेवला, काही नाही. पंपावर ठेवला, काही नाही. भटू गाडीत काही हुडकत होता, त्याचा हात डाव्या सीटखाली गेला आणि तो "आई गं" करून ओरडला. सीटखाली एक पत्र्याचा डबा होता, पानाच्या डब्याएवढा, आणि त्यातून बोटाएवढ्या जाड वायरींचा जुडगा निघाला होता. त्याच्यावर ओला फडका ठेवला आणि पाच मिनिटांत गाडी चालू झाली.

त्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची हे तो डबा ठरवत होता. काँप्युटर म्हणे. शेजारचा किराणावाला बघायला आला आणि विचारू लागला, याचा टीव्ही कुठं आहे? मी त्याला हाकललं, पण खरं सांगायचं तर मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

मी डबा काढून रेडिओ दुरुस्तीवाल्या रुपचंदकडं नेला. त्यानं झाकण उघडलं, भिंग लावून बघितलं.

"झाळ तडकलीय, चुडामणभाऊ," तो म्हणाला. "गरम झालं की सांधा उघडतो, थंड झालं की परत टेकतो. एवढं बारीक काम माझ्यानं व्हायचं नाही. दुसरा डबा बघा."

"तोवर थंड ठेवला तर?"

"तोवर चालेल. पण पाणी सांभाळा. एक थेंब आत गेला की खलास. मग थंड करा नाहीतर गरम करा."

म्हणून मी तो डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वायरींपाशी पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं पक्कं बांधलं. आता वरून ओलं काय ठेवायचं हा प्रश्न होता. आमच्याकडच्या उन्हात फडका पाव तासात वाळतो. पण सावद्याला केळीच्या खोडाला काय तोटा? खोडाचे जे जाड पापुद्रे निघतात, ते सोपट. मळ्यातले मजूर पाण्याचं मडकं त्यातच गुंडाळतात. त्याच्या आत एवढं पाणी असतं की रात्रभर भिजत टाकलं तर दिवसभर गार राहतं. मी भटूला बोलावून दाखवलं. डब्यावर पिशवी, पिशवीवर सोपट, सोपटावर सीट. वाटेत कधी बंद पडलीच तर सीट उचलून सोपटावर पाणी टाकायचं आणि पाच मिनिटं थांबायचं.

"रोज सकाये ताजं सोपट," मी म्हणालो. "मी सांगत नही तोवर एक दिन खाडा करना नही. समजनं?"

"समजनं, भाऊ."

पिशवी कशाला, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

एप्रिल उगवला, जळगाव तापलं, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. ती गाडी एकदाही बंद पडली नाही. मला त्याचा असा काही गर्व झाला होता की विचारू नका. भेटेल त्याला सांगायचो की जपानी काँप्युटर मी केळीच्या सोपटावर चालवतोय. लोक टाळ्या द्यायचे. आबांनी केळीचा घड पाठवला. मंदानं निरोप पाठवला की आता तिला झोप लागते.

पण हे काही कायमचं नव्हतं, तेवढी अक्कल मला होती. रुपचंदनं सांगितलेली तडक रोज थोडी थोडी वाढत असणार. मुंबईला चौकशी केली तर वर्ष लागेल म्हणाले. मग धुळ्याहून नथ्थूचा निरोप आला. नथ्थूचं आग्रा रोडला भंगाराचं मोठं आवार होतं, त्याची माझी जुनी ओळख. त्याच्याकडं तशीच गाडी आली होती.

मी धुळ्याला गेलो. गाडी खरंच तशीच होती, फक्त रंग निळा. पुढचा भाग उरलाच नव्हता. लळिंगच्या घाटात उभ्या ट्रकला मागून बसली होती. मागच्या काचेच्या आत प्लास्टिकच्या फुलांचा हार अजून लटकत होता आणि त्याचं एकही फूल तुटलं नव्हतं. मला ते बघवेना.

"कोनी व्हती?" मी विचारलं.

"इंदूरकडना लोके. दोन जन गयात जागावर," नथ्थू म्हणाला. "मांगे बठेल बाई वाचनी."

डाव्या सीटखाली डबा शाबूत होता. नंबर वाचला, एकेक आकडा जुळवला, शेवटच्या अक्षरासकट तोच. मी काढून पिशवीत टाकला. हातात घेताना मात्र कसंतरी झालं. दुसऱ्याच्या लिंबू-मिरचीला हसणारा मी, पण परत निघताना एकवीरेच्या देवळापाशी रिक्षा थांबवली आणि तो डबा उंबऱ्याला टेकवला. कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे आधी पाहून घेतलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भटू गाडी घेऊन आला. मंदाला कळलं होतं की डबा मेलेल्या माणसांच्या गाडीतला आहे. तिनं त्याच्याबरोबर लिंबू, मिरच्या आणि बिब्बा पाठवला होता, आणि सांगितलं होतं की डबा बसवायच्या आधी उतरून टाका. मी भटूची खूप थट्टा केली. काँप्युटरला दृष्ट लागते का म्हणालो. भटू हसला आणि गुपचूप सीटखालच्या दांडीला बांधून आला.

जुना डबा काढला. पिशवीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग पडले होते, आतला पत्रा कोरडा ठणठणीत. पिशवी फाडून कोपऱ्यात फेकली. नवीन डबा तसाच बसवला, उघडा, जपान्यांनी बसवला होता तसा. त्याला पिशवी कशाला हवी? तो चांगला होता. त्याला गार करायची गरज नव्हती. चावी फिरवली आणि इंजिन असं लागलं की कानाला बरं वाटावं. भर उन्हात मी गाडी नशिराबादपर्यंत नेऊन आणली. सीटखाली हात घातला. डबा जेमतेम कोमट.

परत आलो तर एक मॅटेडोरवाला येऊन बसला होता आणि गिअरबॉक्सवरून मला सुनवायला लागला होता. त्याच्याशी माझी जुंपली. भटू बाजूला उभा होता, हात मागं बांधून. मधेच त्यानं विचारलं, "भाऊ, आते मी काय काय करू?"

"काही जीव खाऊ नका, पाव्हणे!" मी म्हणालो. "व्हयी गयं काम. जा, आबा वाट दखत व्हतीन."

तो गेला. कितीदा आठवून पाहिलं, तेव्हा मी दुसरं काही बोललो का? नाही. एवढंच बोललो.

पुढचे तीन आठवडे गाडी उत्तम चालली. एकदा आबा सराफाकडं आले होते, तेव्हा भटू गॅरेजावर डोकावून गेला. मी बॉनेटही उघडलं नाही, नुसतं कान देऊन ऐकलं. त्याच्या बोटांवर तपकिरी डाग होते, ताजे. केळीचा चीक एकदा लागला की साबणानं जात नाही, तो कातडीबरोबरच जातो.

"काय पाव्हणे, ड्रायव्हरकी सोडीसन केळी कापाले लागनात का?" मी विचारलं.

"रोजनं सकायनं काम शे, भाऊ," तो हसून म्हणाला.

सावद्यात कुणाच्या हाताला चीक नसतो? मी पुढं काही विचारलं नाही. त्याला चहा पाजला, मंदाला पाठवायला शेव दिली आणि तो गेला. ते आमचं शेवटचं बोलणं.

मेच्या अखेरच्या बुधवारी मंदाचा फोन आला, शेजारच्या किराणा दुकानात. मी एका ट्रकच्या खाली होतो. अंगभर ऑइल घेऊन उठून जावं लागलं, त्यामुळं डोकं आधीच फिरलेलं.

"भाऊ, गाडी परत आचके दी राहिनी," ती म्हणाली. "कालदिन दोनदा बंद पडनी. माले भ्याव वाटस."

"फिल्टरमा कचरा व्हई. डबा नवा शे आते, त्याले काय व्हस? ऐतवारले येस मी."

"ऐतवारले? तोवर काय करतीन त्या?" त्या म्हणजे भटू, नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"तोवर काही करनं नही. चालू दे."

मी फोन ठेवला. तेव्हा मनात एकदा आलं होतं. आधी गाडी आचका न देता बंद पडायची. आता आचके देतेय, म्हणजे हा रोग वेगळा. चांगला मिस्त्री इथं थांबतो आणि विचार करतो. मी ट्रकखाली गेलो.

रविवारी सकाळी दहाला मी सावद्याला उतरलो. ऊन असं होतं की डांबर चपलेला लागत होतं. मंदा अंगणात भांडी घासत होती. गाडी नव्हती. आबा भटूला घेऊन मळ्यात गेले होते, केळीचा व्यापारी माल बघायला येणार होता.

"कधी गयात?"

"आत्तेच. पाच मिनिट व्हयनात."

मी हातपाय धुवायला हौदापाशी गेलो. हौदात सोपटं भिजत पडली होती. पांढरी, जाड, ताजी कापलेली, एकावर एक रचून, वर दगड ठेवून बुडवलेली. सात-आठ असतील. मी तांब्या हातात धरून उभा राहिलो.

"मंदा, ह्या सोपटं कसाले?"

"गाडीना डबाकरता," ती म्हणाली. भांडी घासणं चालूच होतं. "रोज सकाये ताजं कापी आनतस. एक दिन खाडा नही. तूच सांगेल शे ना?"

"ते जुना डबासाठे व्हतं!"

"त्या म्हनतस, हाऊ डबा बी जुनाच शे, तो बी अपघातमातला, याले जास्त जपाले जोयजे. बुधवारपाशीन तं दोन दोन लावतस. गाडी आचके देवाले लागनी ना, म्हनीसन." मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय व्हयनं, भाऊ?"

रुपचंदचे शब्द मला तेव्हा ऐकू आले. एक थेंब. आणि इथं पिशवी नसलेल्या डब्यावर तीन आठवड्यांहून जास्त रोज ओलं सोपट, त्यावर माणूस बसणार, दाबून पिळलं जाणार. ते पाणी डब्याच्या फटींतून, वायरींच्या तोंडातून आत झिरपत होतं. गाडी अडखळायला लागली तसं भटूनं औषध दुप्पट केलं होतं. मी शिकवलेलंच औषध.

मी तांब्या टाकला. भिंतीला टेकवलेली सायकल घेतली आणि निघालो.

सावद्यापासून तो मळा अडीच-तीन किलोमीटर. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला केळी. त्या रस्त्यावर इतकी शांतता होती की सायकलच्या साखळीचा आवाज मोठा वाटत होता. मी स्वतःशी बोलत होतो. कदाचित ते लाइन ओलांडून गेले असतील. गाडी आज चांगली चालत असेल. भटू उतरून बघतो, कान देतो, तो सावध आहे. देवा, फक्त आजचा दिवस. एकवीरेला मी काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

मग इंजिनाचा भोंगा ऐकू आला. आधी एक, नेहमीचा. नंतर दुसरा सुरू झाला तो थांबेचना. मी सायकल दामटत होतो आणि तो भोंगा वाजतच होता. मग एक आवाज आला, फार मोठा नाही. नंतर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, बराच वेळ.

मी पोचलो तेव्हा मालगाडी पुढं जाऊन उभी राहिली होती. पांढरी गाडी रुळांपासून तीस-चाळीस हात लांब, केळीच्या बागेत आडवी झाली होती. केळीची झाडं मोडून तिच्यावर पडली होती. आबा रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते दोन्ही हात पुढं करून बसले होते आणि माझ्याकडं बघून बोलायला लागले, मी विचारलं नव्हतं तरी.

"रुळावर बंद पडली, चुडामण. त्यानं मले आधी उतरवलं. आबा, लांब उभे ऱ्हा म्हने. म्या म्हनलं, भटू, सोड ते गाडी, ये इकडे. तो म्हने, थांबा आबा, सोपट वाळलं आसीन, वलं करतो, पाच मिनिटात चालू व्हते, भाऊनं सांगेल हाये. तांब्या घेतला आन् सीटखाली वाकला. भोंगा वाजला तं म्या बोंबललो. त्याले आयकू नाही आलं का काय. का आयकू आलं आन् तो म्हनला, झालंच आता. म्या खूप बोंबललो, चुडामण."

मी गाडीपाशी गेलो. भटूबद्दल मी लिहिणार नाही. डावी सीट उपटून बाहेर पडली होती. डबा वायरींना लोंबकळत होता, त्याचं झाकण निघालं होतं. आतून तपकिरी पाणी ठिबकत होतं, थेंब थेंब, केळीच्या पानावर. दांडीला बांधलेलं लिंबू तसंच होतं. दोन सोपटं मातीत पडली होती. मी एक उचललं. ते वाळलेलं नव्हतं.

पंचनाम्याला आलेल्या फौजदारानं मी मिस्त्री आहे हे कळल्यावर विचारलं, गाडी कशानं बंद पडली? मी म्हणालो, काँप्युटर बिघडला होता. त्यानं तसंच लिहून घेतलं. मी सही केली. खोटं काही नव्हतं त्यात.

दहा दिवस मी मंदाच्या समोर गेलो नाही. म्हणजे घरातच होतो, माणसांची ऊठबस बघत होतो, लाकडं, पाणी, बामण, सगळं करत होतो, पण ती बसली असेल त्या खोलीत जात नव्हतो. येणारा-जाणारा म्हणायचा, डबा अपघाती गाडीतला होता, तिथंच घात झाला. बायका म्हणायच्या, मेलेली माणसं ओढून नेतात. मंदा ऐकायची. मी दारातून ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. हेही सांगून टाकतो. मला खरंच बरं वाटायचं.

दहाव्याचं आटोपून माणसं पांगली, तेव्हा तिनं मला हाक मारली. ती ओट्यावर बसली होती, रिकाम्या कपाळानं. हौद समोरच होता. त्यातली सोपटं कुणी काढली नव्हती. पाणी काळं पडलं होतं आणि वास मारत होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यासनी एक दिन बी खाडा करा नही. ताप व्हता तरी सकाये जायीसन सोपट कापी लयनात. तू सांगं तसंच करं. मंग बंद कशी पडनी?"

जन्मात पहिल्यांदा मला कुणालातरी नीट समजावून सांगावं लागणार होतं. अपघाती डबा म्हणून सुटता आलं असतं, तिनं मानलंही असतं. मी ओट्याखाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. जुन्या डब्याला उष्णता सोसत नव्हती. नव्याला पाणी सोसत नव्हतं. जुन्यावर पिशवी होती, ती मी फाडून टाकली. नवा बसवला त्या दिवशी सोपट बंद करा हे सांगायचं होतं. भटूनं मला विचारलंही होतं. मी मॅटेडोरवाल्याशी भांडत होतो.

सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या दिवशी गॅरेजात याच्या निम्म्यात झालं असतं.

मंदा रडली नाही. ओरडली असती, मला मारलं असतं तर चाललं असतं. ती उठून हौदापाशी गेली, पदर खोचला आणि त्या कुजक्या पाण्यात हात घालून एकेक सोपट बाहेर काढायला लागली. मी मदतीला उठलो तर तिनं हातानंच थांबवलं. शेवटचं सोपट काढून झाल्यावर ती माझ्याकडं न बघता बोलली.

"ब्रेकना बखत तू परत तरी येल व्हता, भाऊ."